वाळवीकडे मोबाइल नव्हता

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गणेशोत्सवात दर वर्षी एक व्याख्यान असतं. आरती आणि खिरापत यांच्या मधोमध ठेवलेलं असल्यामुळे त्याला गर्दीही असते. यंदाचा विषय होता 'मोबाइल : घराघरातला राक्षस'. वक्ते ज्येष्ठ, निवृत्त, आवाज अजून खणखणीत. पन्नास मिनिटं बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत त्या व्याख्यानाचा व्हिडिओ मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर आला, तीन तुकड्यांत. खाली वक्त्यांचाच मजकूर : 'सर्वांनी अवश्य ऐकावे व किमान दहा जणांना पाठवावे.' मला तो दुपारपर्यंत सहा जणांकडून आला, त्यांतला एक न्यू जर्सीहून. स्वतःविरुद्धची फिर्याद इतक्या तत्परतेनं घरोघर पोचवणारा राक्षस मी पहिल्यांदाच पाहिला.

हसून सोडून दिलं असतं. पण त्या संध्याकाळी टाळ्या पडल्या होत्या, आणि त्या वाजवणारे हात माझ्याच वयाच्या माणसांचे होते. मागच्या रांगेत दहावी-बारावीची पोरं खुर्च्या लावायला थांबली होती. ती मान खाली घालून ऐकत होती. त्यांना शिक्षा सुनावली जात होती आणि आरोप काय आहे हे कुणी तपासलेलंच नव्हतं.

आरोप असा. पूर्वी आपल्या घरांत वाचन होतं. मोबाइल आला, वाचन गेलं, आणि त्याच्या पाठोपाठ ग्वाल्हेरातली मराठीही गेली. पूर्वी गुरूपुढे बसून गाणं शिकत. आता पोरं यूट्यूबवर शिकतात, म्हणजे शिकतच नाहीत. पूर्वी माणूस कामावर जायचा. आता घरात बसून कळफलक बडवतो नि त्याला नोकरी म्हणतो. पूर्वी बातमी खरी असायची. पूर्वी जेवताना माणसं एकमेकांशी बोलायची. आणि या सगळ्याचा गुन्हेगार एकच, तळहाताएवढा.

बँकेत सदतीस वर्षं काढली मी. समोर ताळेबंद आला की बेरीज तपासल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या जुन्या मराठी वाचनालयात गेले.

आमचं वाचनालय पाच ते सात उघडं असतं. किल्ली ज्यांच्याकडे असते ते आले तर. कपाटं सागवानी, पुस्तकं पुठ्ठ्यात बांधलेली, आणि प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची पट्टी. पुस्तक नेलं की शिक्का, परत केलं की खूण. ही पट्टी खोटं बोलत नाही. कादंबऱ्यांच्या कपाटातली चाळीसेक पुस्तकं मी उतरवली आणि शेवटचे शिक्के पाहत गेले. 1987. 1984. 1991. एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवर 1979. एका विनोदी कथासंग्रहावर 1994, तो त्यातल्या त्यात लोकप्रिय. 1995 च्या पुढचा शिक्का मला फक्त दोन पुस्तकांवर सापडला, आणि त्यांतलं एक पाककृतींचं होतं.

भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 ला झाला. मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दूरसंचारमंत्री सुखराम यांना दिल्लीला केला. ग्वाल्हेरात सामान्य माणसाच्या खिशात मोबाइल यायला त्यानंतर पुष्कळ वर्षं लागली, त्यावर मराठी पुस्तक वाचता यायला आणखी पुष्कळ. म्हणजे खून झाला तेव्हा आरोपी गावातच नव्हता. तरी आपण त्याला फाशी देऊन मोकळे!

मग मराठी गेली कशी? हे शहरातली आमची पिढी जाणून आहे, म्हणूनच बोलत नाही. 28 मे 1948 ला मध्य भारत संघ झाला आणि ग्वाल्हेर संस्थान त्यात गेलं. 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. ज्या दरबारामुळे, फौजेमुळे, कचेऱ्यांमुळे मराठी माणूस इथं आला, निंबाळकरांची गोठ आणि शिंद्यांची छावणी वसली, फालका बाजाराला नि पाटणकर बाजाराला नावं मिळाली, तो आधारच निघाला. कारभार हिंदीत, परीक्षा हिंदीत, नोकरी हिंदीत. यात हिंदीचा काही दोष नाही. वैसे तर आम्ही लष्करकर हिंदी शब्दाशिवाय एक वाक्य पुरं करत नाही, आत्ताच केलं नाही. पण पुढचं पाऊल आपलं होतं. मुलांना आधी हिंदी शाळेत घातलं, मग इंग्रजी शाळेत, आणि पुण्याचे पाहुणे आले की 'हिला मराठी समजतं, बोलता येत नाही' असं कौतुकानं सांगितलं. कौतुकानं! मी स्वतः सांगितलं आहे. तेव्हा माझ्या हातात पर्स होती, मोबाइल नव्हता.

1961 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावात भरलं होतं, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. मी त्याच वर्षी जन्मले. घरातली मोठी माणसं त्या संमेलनाबद्दल बोलत, आणि बोलण्यात मांडव, पाहुण्यांची उतरण्याची सोय, जेवणावळी हे सगळं असे. कुठलं पुस्तक वाचलं, ते कधी नसे. 'पूर्वी घराघरात वाचन होतं' या वाक्याकडे मी थोडी संशयानं पाहते ते यामुळे. वाचणारी घरं होती, चार होती. उरलेल्या घरांत दिवाळी अंक यायचा, तो पाळीपाळीनं फिरायचा आणि पुष्कळदा फक्त भविष्य वाचून पुढे जायचा.

आणि मोडी लिपीचं काय? शिंद्यांच्या दफ्तराचे कागद मोडीत. आज आमच्या समाजात मोडी वाचणारा माणूस शोधायला निघालात तर अंगठाही उरेल, बोटं तर उरतीलच. मोडी शाळेतून गेली ती पन्नासच्या दशकात. तीही मोबाइलनंच घालवली म्हणायची का? गंमत म्हणजे आज आमच्या गल्लीतली एक मुलगी मोडी शिकते आहे. कुठे? त्याच राक्षसावर, रात्री साडेनऊ ते दहा, महाराष्ट्रातल्या एका शिक्षकाकडून.

तिच्याच फोनवर मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश आहे, दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे; दोन्ही शिकागो विद्यापीठानं फुकट वाचायला ठेवले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेला मराठी विश्वकोश आहे, सगळे खंड. त्याचा पहिला खंड 1976 चा. लष्करात किती घरांत होता तो? ज्यांच्याकडे होता त्यांनी तो कुणाला हात लावू दिला? आमच्या ओळखीच्या एका वाड्यात तो काचेच्या कपाटात असे आणि कपाटाला कुलूप असे. परवा त्याच वाड्यातल्या काकांनी मला ऐकवलं की ज्ञान आता स्वस्त झालंय म्हणून त्याला किंमत राहिली नाही. काका, महाग होतं तेव्हा तरी तुम्ही ते कधी उघडलंत?

आता गाण्याकडे येते. इथं मला जरा जास्त वेळ लागणार, कारण ग्वाल्हेरात राहून 'चोरून ऐकून शिकलेलं गाणं हे गाणं नव्हे' असं म्हणायला छातीच पाहिजे.

ग्वाल्हेर घराण्याची आख्यायिका काय आहे? दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमदखाँ गायचे. त्यांची तान ते कुणाला द्यायला तयार नव्हते. हस्सूखाँ आणि हद्दूखाँ या दोघा पोरांना पडद्याआड बसवलं गेलं. कुणी म्हणतं पलंगाखाली. महिनोन् महिने ऐकलं, घरी जाऊन घोटलं, आणि एक दिवस दरबारात खाँसाहेबांचीच गायकी त्यांच्यापुढे गाऊन दाखवली. खाँसाहेब संतापले. आख्यायिका किती खरी ते इतिहासकार पाहोत, पण आपण ती अभिमानानं सांगतो. म्हणजे ज्या घराण्याला ख्यालाची गंगोत्री म्हणतात त्याचा उगमच परवानगीशिवाय ऐकण्यात आहे. पडद्याआड दोन भाऊ बसले तर ती तपश्चर्या, आणि दौलतगंजातली एक मुलगी इअरफोन लावून एकच तान साठ वेळा मागे नेऊन ऐकते तर तो थिल्लरपणा?

गुरू लागतोच, हे मला कुणी शिकवू नये. फोन चूक दाखवत नाही, मांडीवर थाप मारून लय सुधारत नाही. हे ती मुलगीही जाणते. गुरूकडे आठवड्यातून दोनदा जाते, सायकलवर. व्याख्यात्यांनी तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. विचारणं हे व्याख्यानात बसत नाही.

आणि ही भीती आत्ताची नाही, हे तरी ग्वाल्हेरकराला माहीत असावं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथल्या वासुदेवबुवा जोशींकडून विद्या घेऊन महाराष्ट्रात गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, फी भरून वर्गात बसून गाणं शिकायची सोय केली. भातखंड्यांनी चिजा कागदावर उतरवल्या, छापल्या, आणि माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं 1918 मध्ये ग्वाल्हेरात संगीत विद्यालय उभं राहिलं. तेव्हाही म्हणणारे म्हणालेच, की कागदावर गाणं उतरतं का, वर्गात गवई घडतो का. कागदावर गाणं पूर्ण उतरत नाही हे खरंच होतं. पण कागदावर उतरवलं नसतं तर कित्येक चिजा खाँसाहेबांच्या बरोबरच कबरीत गेल्या असत्या, हेही तितकंच खरं. हद्दूखाँचा आवाज कसा होता हे आज पृथ्वीवर कुणालाही ठाऊक नाही. त्यांच्या मुलाचा, रहिमतखाँचा, ठाऊक आहे. का? कारण उतारवयात कुणीतरी त्यांना ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापुढे बसवलं. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी, खरखर भरपूर. त्या खरखरीतून तो सूर येतो तेव्हा यंत्राचे पाय धरावेसे वाटतात. मी तो पहिल्यांदा कुठे ऐकला हे सांगायला हवं का?

पेटीची गोष्ट तर याहून बहारीची. व्याख्यानाआधी आमच्या मांडवात ईशस्तवन झालं, पेटी-तबल्यावर. वक्त्यांनी डोळे मिटून मान डोलावली, 'परंपरा' असा शब्दही उच्चारला. पेटी युरोपातून आलेलं यंत्र. तिला ठुमरीच्या मैफलीत मानाची जागा मिळवून देणाऱ्यांत ग्वाल्हेरचे भैयासाहेब गणपतराव अग्रणी. आणि याच पेटीवर आकाशवाणीनं 1940 मध्ये बंदी घातली. आरोप काय? ती परकी आहे, तिचे सूर ठोकळेबाज आहेत, मींड येत नाही, आपल्या कानांची सवय बिघडवते. 1971 पर्यंत ही बंदी चालली. एकतीस वर्षं जो राक्षस होता, त्याच्यासमोर परवा वक्त्यांनी परंपरा म्हणून डोळे मिटले.

बंदीवरून बाळकृष्ण केसकर आठवतात. आपलाच मराठी माणूस, 1952 ते 1962 माहिती आणि नभोवाणी मंत्री. त्यांच्या काळात सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून हद्दपार झाली, जनतेची अभिरुची सुधारावी म्हणून. जनतेनं काय केलं? रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. बिनाका गीतमाला घराघरात शिरली, आणि 1957 मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. यावर मला एवढंच म्हणायचं आहे, की आमच्या वक्त्यांनी पन्नासातली सहा मिनिटं बिनाकाच्या आठवणी काढण्यात घालवली. 'काय ते दिवस! सगळं घर रेडिओभोवती!' त्यांच्या वडिलांच्या पिढीला तेच घर, त्याच रेडिओभोवती, बिघडत चाललेलं दिसत होतं. एका पिढीचा बिघाड ही पुढच्या पिढीची स्मरणरंजनाची सोय. आजच्या पोरांनाही चाळीस वर्षांनी कुणीतरी मांडव देईलच.

'यांना सगळं झटपट हवं' असंही एक वाक्य होतं. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, ही समजूत कोणत्या गावातली हो? तो पाला लोकांनी इतका ओरबाडला की मूळ झाड राहिलं नाही, नवं लावावं लागलं. रियाज टाळून पाला चघळणाऱ्या गावानं झटपटपणाबद्दल व्याख्यान द्यावं, म्हणजे फारच झालं.

कामाचा मुद्दा. आमच्या शेजारचा मुलगा पुण्याच्या एका कंपनीत आहे. 2020 साली टाळेबंदीत घरी आला, तो इथंच राहिला. सकाळी आठला खोलीत शिरतो, रात्री नऊला बाहेर येतो. आई-वडिलांच्या औषधपाण्याला हाताशी आहे, घरात पैसा येतो. तरी त्याच्याबद्दल विचारलं जातं कसं? 'काय, अजून घरीच का?' जणू आजारी आहे. काम म्हणजे डबा, सायकल आणि भोंगा ही आमच्या गावाची कल्पना. घनश्यामदास बिर्लांनी 1921 मध्ये इथं जियाजीराव कॉटन मिल काढली, बिर्लानगर वसलं. कितीतरी घरांचे दिवस त्या पाळ्यांवर चालले. नव्वदीत गिरणी बंद पडली. कामगार वर्षानुवर्षं देण्यांसाठी खेटे घालत राहिले. तिथं जाऊन काम करणं हे खरं काम होतं, आणि ते काम गेलं तेव्हा ते नेणारा मोबाइल नव्हता.

मला इथं स्वतःबद्दल एक कबूल केलं पाहिजे. ऐंशीच्या दशकात आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रं येणार म्हटल्यावर मी युनियनचा बिल्ला लावून फाटकात उभी होते. आम्ही त्यांना एएलपीएम म्हणायचो, शिवीसारखं. संगणक नोकऱ्या खाणार, अशा घोषणा घसा बसेपर्यंत दिल्या. यंत्रं आली. खातेवहीची बेरीज जुळेना म्हणून रात्री नऊपर्यंत बसणं बंद झालं. मी साडेपाचला घरी जाऊ लागले आणि मुलगी तीन वर्षांची असताना पहिल्यांदा तिला संध्याकाळी जागं पाहिलं. मी चुकले होते. चूक यंत्राच्या बाबतीत होती, कामगाराच्या हक्काच्या बाबतीत नव्हती. तो फरक कळायला मला बरीच वर्षं लागली.

तो फरक आमच्या वक्त्यांना अजून कळलेला नाही. कारण मोबाइलला राक्षस म्हणणारी हीच मंडळी ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं सुचवलं तेव्हा 'बरोबर बोलले' म्हणत अंगठे पाठवत होती. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं नव्वद तासांचं आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, हे बोलणं गाजलं, तेव्हाही समूहावर निषेध दिसला नाही. विनोद दिसले, बायकांवरचे. रविवारची सुट्टी ही आकाशातून पडली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगार गोळा केले, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा 10 जून 1890 ला ती मान्य झाली. एकशे तेहेतीस वर्षांनी ती परत द्यायला निघालेल्यांना टाळ्या, आणि पोरगा रात्री दहाला मित्राशी बोलला तर घर बुडालं! त्याच पोराला रात्री दहाला मॅनेजरचा फोन येतो तेव्हा मात्र आई दार लोटून घेते, आवाज होऊ नये म्हणून. सुप्रिया सुळ्यांनी 2018 मध्ये कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्यावर एक व्याख्यान ठेवा ना. फोन कुणाच्या हातात आहे याची चर्चा पुरे झाली. तो कोण वाजवतं, यावर कुणी बोलेल का?

'पूर्वी बातमी खरी असायची.' यावर मी काही मिनिटं नुसतीच हसत बसले. 21 सप्टेंबर 1995. गणपती दूध पितो म्हणून सगळा देश वाट्या-चमचे घेऊन देवळापुढे उभा होता, लष्करही. एका दिवसात ती बातमी देशभर, परदेशातही पोचली. मोबाइल आपल्याकडे जेमतेम सात आठवड्यांचं अर्भक होता. हे काम घरातल्या काळ्या टेलिफोननं, शेजारणींनी आणि अत्यंत सुशिक्षित काकालोकांनी पार पाडलं.

मग नोव्हेंबर 2016. मी काउंटरवर होते. नव्या दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते, हे टीव्हीवरसुद्धा सांगितलं जात होतं. नोट उजेडात धरून 'मॅडम, चिप कुठल्या बाजूला असते?' असं मला विचारणारे कोण होते? कॉलेजची पोरं? ती रांगेत उभी राहून हसत होती. विचारणारे सगळे पेन्शनर, त्यांतले दोन विज्ञानाचे निवृत्त शिक्षक.

आमच्या समूहावर दर पंधरा ऑगस्टला येतं, की युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट ठरवलं. युनेस्को असलं काही ठरवत नाही. मी दर वर्षी तसं लिहिते, आणि दर वर्षी मला 'देशाबद्दल काही चांगलं आलं की तुम्हाला खुपतं' असं उत्तर मिळतं. परिणाम असा झाला, की 31 ऑक्टोबर 2023 ला युनेस्कोनं ग्वाल्हेरला खरोखरच संगीताचं शहर म्हणून आपल्या सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं, ती बातमी समूहावर आली आणि मी ती खोटी समजून पुसली. संध्याकाळी भाचीनं फोन करून सांगितलं. वीस वर्षांची आहे ती. तिनं युनेस्कोच्या स्वतःच्या पानावर जाऊन, कोझिकोडला साहित्याचं शहर केलंय हेही वाचून, मग फोन केला होता. बातमी पडताळणं म्हणजे काय, ते आमच्या घरात तिला येतं. मला तिच्याकडून शिकावं लागलं.

त्याच डिसेंबरात, 25 तारखेला, किल्ल्यावर हजारहून अधिक तबलावादक एका वेळी बसले आणि विक्रम झाला. खाली-वर सगळीकडे उंचावलेले हात होते, प्रत्येक हातात फोन. आमचे वक्तेही होते. त्यांचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. जरा हलतो, पण ताल ऐकू येतो.

जेवताना फोन नको, हे मान्य. एवढं एक देऊन टाकते. तरी जयविलास राजवाड्यातलं माधवराव शिंद्यांचं जेवणाचं टेबल पाहून या. त्यावर रूळ आहेत, आणि रुळांवरून चांदीची आगगाडी फिरायची, पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया नेत. सुरई उचलली की गाडी थांबायची. शहरभराचे लोक तिकीट काढून ते बघतात आणि 'काय शौक होता महाराजांचा!' म्हणतात. नव्या यंत्राचा नाद वाड्यात असला की शौक, चाळीत आला की व्यसन.

या सगळ्या रागाचं मूळ मला तिथंच दिसतं. गेलं आहे ते वाचन नव्हे, गाणं नव्हे, काम नव्हे. गेली आहे ती कपाटाची किल्ली. कोश कुणाकडे आहे, चीज कुणाला ठाऊक आहे, बातमी आधी कुणाला कळली, यावर ज्यांचा मान अवलंबून होता, त्यांना आता कुणी विचारायला येत नाही. त्याचं दुःख होणं मी समजू शकते. मलाही काउंटरच्या अलीकडे यायला जड गेलं. पण ते दुःख स्वतःच्या नावानं बोलावं. त्याला संस्कृती म्हणून पोरांच्या डोक्यावर मारू नये. मराठी आपण सोडली, तारखांसह सोडली. रविवार आपण सोडायला निघालो आहोत. अफवा आपण पसरवतो. आणि पुस्तकं?

पुस्तकांचं सांगते. त्या संध्याकाळी वाचनालयात मी खालचा खण ओढला तेव्हा माती खाली पडली. वाळवी. एका जुन्या पुस्तकाची, इथंच ग्वाल्हेरात छापलेल्या, पहिली सोळा पानं गेलेली होती, उरलेली जाळीसारखी. मी कार्यकारिणीला लेखी विनंती केली, की अशी पुस्तकं पुरती जाण्याआधी त्यांची छायाचित्रं काढून ठेवू, मी काढते, भाची मदत करेल, खर्च शून्य. बैठक झाली. आमचे वक्ते त्या कार्यकारिणीतही आहेत. ठराव इतिवृत्तात नोंदला आहे : पुस्तके मोबाइलवर उपलब्ध झाल्यास सभासदांची वाचनालयात येऊन वाचण्याची सवय मोडेल, सबब विनंती अमान्य. सभासद एकोणीस आहेत. त्यांतले अकरा हयात आहेत.

काल पाच वाजता किल्लीवाले आले. त्यांना मी चहा आणि बेडई दिली आणि खिडकीजवळचं टेबल ओढून घेतलं. भाचीनं दोन्ही हातांनी पान सपाट धरलं, मी फोटो काढत गेले. सातला दिवा घालवेपर्यंत चौऱ्याण्णव पानं झाली. उद्या सतरापासून परत तपासायची आहेत, काही हलली आहेत.